एका भाकरीचा हिशेब



नांदेडकरांना लंगर समजावून सांगावा लागत नाही. सचखंड गुरुद्वाराच्या पंगतीत जो बसेल त्याला जेवण मिळते; जात-धर्म कोणी विचारीत नाही. अशा गावचा मी माणूस. म्हणून वसईच्या एका चर्चमध्ये जे घडले ते मला प्रथम फार लागले.

तिकडच्या एका कामगार मित्राच्या मुलीचे लग्न होते. वसईचे हे कॅथलिक लोक मराठीच. 2020 साली उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. लग्नाची मिस्साही मराठीत झाली. पूर्वी ती लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला वाट मोकळी केली. शेवटी माणसे रांगेने वेदीकडे निघाली. धर्मगुरू प्रत्येकाला भाकरीची पातळ चकती देत होते. मीही उठलो. मित्राने हळूच हात धरला, "भाऊ, हे आमच्या श्रद्धेच्या माणसांसाठी असते. आपण बसा."

मी बसलो. पण ज्या देशात रोटीव्यवहाराच्या नावाने माणसे शतकानुशतके दूर बसविली गेली, तिथे "बसा" हा शब्द साधा राहत नाही.

रात्री मी विषय काढलाच. मित्र म्हणाला, हा पंगतीचा प्रसाद नव्हे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने भाकरी मोडून शिष्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला. हे माझे शरीर, हे माझे रक्त, असे सांगितले. आमची श्रद्धा अशी की, मिस्सेत दोन्ही दिसायला तशीच राहतात, पण ख्रिस्त तिथे खरोखर असतो. म्हणून दर रविवारी जायचे. मुलांना समज आली की प्रथम कम्युनियन द्यायचे. जो आजारी आहे त्याच्या घरी ते न्यायचे. आणि घेताना "आमेन" म्हणायचे. "ती आमची सही असते, भाऊ!"

सही मला कळते. मागणीपत्रावर सही करणारा संपात शेवटपर्यंत उभा राहतो. ज्याला मान्य नाही त्याची सही आपण घेत नाही. माझा राग गेला. प्रश्न मात्र उरला. सही केल्यावर पुढे काय?

याचे उत्तर पौलाने करिंथकरांना पहिल्या शतकातच दिलेले मी वाचले. तिथे प्रभुभोजनाला जमलेले काही जण खाऊनपिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने बजावले की, हे प्रभूचे भोजनच नव्हे. विधी बिनचूक होता, पण शेजारी उपाशी होता!

भारतातही काही गावी दलित ख्रिस्तींना दफनभूमी वेगळी दिली गेली. एका भाकरीचे वाटेकरी मेल्यावर वेगळे झाले. तेव्हा सही कोणी मोडली?

मिस्सेतल्या प्रार्थनेत ही भाकरी भूमीचे आणि माणसाच्या श्रमाचे फळ म्हटली जाते. लातूरच्या आडतीत पोती वाहून दुपारी सावलीत भाकरी सोडणाऱ्या हमालाला हे वाक्य ऐकवावे, तो लगेच विचारील, "मग श्रमाचा दाम?"

मित्रहो, हा प्रश्न एकट्या कॅथलिकांना नाही. वारीत काला वाटणाऱ्यांना आणि लंगरात बसणाऱ्या आपणा सर्वांनाही तो आहे. पंगतीतून उठल्यावर आपण एकमेकांशी कसे वागतो, त्यावर जेवणाचा हिशेब होतो.