फुकट गाण्याचा हिशेब

(अभ्यासवर्गातील भाषण)



एखाद्या वस्तूची किंमत शून्य असली म्हणजे तिचा उत्पादनखर्चही शून्य असतो काय? अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातला हा प्रश्न शिकागोच्या एका कवयित्रीची गाणी ऐकताना श्रोत्यापुढे नव्याने उभा राहतो. ‘नोनेम’, म्हणजे निनावी, या नावाने गाणाऱ्या फातिमा वॉर्नर यांनी ३१ जुलै २०१६ रोजी ‘टेलिफोन’ ही आपली पहिली मिक्सटेप प्रसिद्ध केली. तीत दहा गाणी आहेत; ती ऐकून व्हायला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पाठीशी कोणतीही रेकॉर्ड कंपनी नव्हती आणि श्रोत्याकडून मोबदलाही मागितलेला नव्हता.

रॅप म्हणजे तालावर बोललेली कविता. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या गरीब वस्त्यांत ती ज्या वातावरणात जन्मली, त्यातूनच मिक्सटेपही आली. मिक्सटेप म्हणजे आरंभी कंपनीच्या व्यवहाराबाहेर हातोहात फिरणारी ध्वनिफीत. पुढे इंटरनेट आले आणि आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. परंतु पहिल्या प्रतीचा खर्च मात्र तसाच राहिला. वादकांचे श्रम, ध्वनिमुद्रणाची साधने आणि त्याहून महाग असा कवीचा वेळ, हे सारे कोणीतरी पुरवावेच लागते.

ते कोणी पुरवले? वॉर्नर शिकागोच्या दक्षिण भागातील ब्राँझव्हिल येथे वाढल्या. दक्षिणेकडील राज्यांतून स्थलांतर करून आलेल्या कृष्णवर्णीयांची ही जुनी वस्ती. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी १९४५ च्या आपल्या पहिल्या संग्रहाला याच वस्तीचे नाव दिले, आणि १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. वॉर्नर यांच्या आईचे तेथे पुस्तकांचे दुकान होते. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या नावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००९ मध्ये ‘यू-मीडिया’ हा किशोरांचा विभाग उघडला. तेथे पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रणाची साधने होती, आणि कविता म्हणून दाखवण्यास एक व्यासपीठ होते. वॉर्नर तेथेच घडल्या. पुढे प्रसिद्धीस आलेले चान्स द रॅपर हेही तेथलेच. म्हणजे ‘फुकट’ गाण्याच्या भांडवलाचा मोठा वाटा समाजाने आधीच भरलेला होता.

आता गाण्यांविषयी. ‘कास्केट प्रेटी’ या गीतात आपल्या माणसांचे मरण रोजच्या अंतरावर आल्याची भीती आहे, आणि ती पोलिसांचीही आहे. परंतु आवाज अंगाईइतका मृदू. या गोडव्याने संताप बोथट होतो, असा आक्षेप घेता येईल. श्रोत्याला तो मान्य नाही. घोषणेला घोषणेने उत्तर देता येते. शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या या हळू बोलण्याला उत्तर सुचत नाही. ‘बाय बाय बेबी’ मध्ये गर्भपाताचा विषय आहे. तेथे ना उपदेश आहे, ना अपराधीपणाचे प्रदर्शन. आहे ती केवळ माया. दोष सांगायचा तर पाहुण्या गायकांची गर्दी काही ठिकाणी मुख्य आवाजाला झाकून टाकते. शिवाय शब्द इतके दाट आहेत की पहिल्या ऐकण्यात निम्मे निसटतात.

खरी अडचण पुढेच आली. मैफलींच्या कमाईवर वॉर्नर यांनी २०१८ मध्ये ‘रूम २५’ हा संग्रह स्वखर्चाने काढला. याही वेळी कंपनी नव्हती. पण मैफलीचे तिकीट फुकट नसते. समोर बहुसंख्य गोरे श्रोतेच दिसतात, याचा आपल्याला वीट आला आहे, असे त्यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. गाण्याची किंमत शून्य केली तरी क्रयशक्तीची विषमता शून्य होत नाही. ज्या वस्तीचे दुःख गायचे तीच वस्ती सभागृहाबाहेर राहते.

या अनुभवापुढे रागाने गप्प बसण्याचा मार्ग खुला होता. वॉर्नर यांनी त्याच वर्षी वाचकमंडळ स्थापन केले. ते कृष्णवर्णीय लेखकांची आणि परिवर्तनवादी विचारांची पुस्तके वाचते, आणि तुरुंगातील बंद्यांना पुस्तके पाठवते. २०२१ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ग्रंथालयही उघडले. २०२३ च्या ‘सनडायल’ मध्ये तर इतर कलावंतांच्या व्यापारी तडजोडींवर बोट ठेवताना त्यांनी स्वतःलाही वगळलेले नाही.

या हिशेबाची शेवटची ओळ अशी की, ग्रंथालयाने एका मुलीला साधने दिली आणि तिने त्यांची परतफेड ग्रंथालयानेच केली. मात्र एका कलावंताच्या औदार्यावर हे चक्र फार काळ फिरणार नाही. म्हणून नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाची रक्कम कापली जाते तेव्हा काही पुस्तके कमी झाली, एवढेच समजून कार्यकर्त्याने स्वस्थ बसू नये. त्या कपातीने कोणते गाणे जन्मण्यापूर्वीच मिटले, हे कोणत्याही ताळेबंदात कधी दिसत नाही.