ओटा, वास आणि भाड्याचं घर

(नाशिकमध्ये तरुण भाडेकरूंसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'भाड्याचं घर आणि मुस्लिम तरुण'. मी म्हटलं, एवढं मोठं नको, मी ओट्यावर बोलते.

तुमच्यातले कितीतरी जण मालेगाव, मनमाड, येवल्याहून आलेत. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात, कुणी शिकायला. जुन्या नाशकात, वडाळ्यात खोली मिळते. गंगापूर रोडला मात्र फोनवर नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेला' असतो. फार सभ्य मालक असेल तर म्हणतो, "माझं काही नाही हो, पण सोसायटीत वासाचा प्रश्न येतो."

आता वासाचं काय? सुका बोंबील भाजला की वास येणारच, मग भाजणारा कोळी असो, मराठा असो की कोकणी मुसलमान. लाल मिरचीच्या फोडणीनं तर अख्खा जिना खोकतो. तेव्हा वास ही बहुतेक वेळा सबब असते. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही, हे सच्चर समितीच्या 2006च्या अहवालातही आलेलं आहे. कायदा इथं तोकडा पडतो. भेदभावाला मनाई करणारं घटनेचं कलम 15 मुख्यतः सरकारला बांधतं, खासगी घरमालकाला नाही. आणि सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली पारशी सोसायटीच्या प्रकरणात म्हटलं.

म्हणून आपल्यातली वडीलधारी माणसं सांगतात, "बेटा, घर नीट ठेव, नाहीतर पुढच्याला मिळणार नाही." त्यांची काळजी मला कळते, पण हे म्हणणं मला पटत नाही. एका पोराच्या चिकट कढईचा हिशेब पुढच्या दहा पोरांकडे मागायचा, हा कुठला न्याय? बाकी कुणाकडे असा हिशेब मागतात का? ओटा पुसायचा तो मालकाकडून दाखला मिळवायला नाही. तिथं तुमची भाकरी थापली जाते, म्हणून पुसायचा.

कामाचं बोलू. दोन-तीन पाणी काढल्याशिवाय आपल्याकडे मटण-चिकन शिजत नाही. पण नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की शिंतोडे उडतात, शेजारच्या कापलेल्या कांदा-कोथिंबिरीवर जंतू बसतात. खरं तर नीट शिजवलं की जंतू मरतात, धुवायची गरजच नसते. पण मन मानत नसेल तर पातेल्यात बुडवून धुवा, मग सिंक आणि हात साबणानं. मांसाची सुरी-पाट वेगळा. फ्रिजमध्ये कच्चं मांस झाकून सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही.

पाया, निहारी केली की उरलेली तर्री सिंकमध्ये ओतू नका. गरम असते तोवर ती वाहते, गार झाली की पाइपात थिजते, थरावर थर बसतो आणि एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. त्या वेळी त्यांचं चुकलेलं नसतं! थिजलेली चरबी कागदात पुसून ओल्या कचऱ्यात टाका. भांड्याला आधी थोडं बेसन किंवा कणीक चोळा, मग गरम पाणी आणि साबण. पाणीही बेतानं. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही इसराफ नको, हे लहानपणापासून ऐकलंय ना? ते सिंकलाही लागू आहे.

ओट्याचा दगड कुठला ते बघा. ग्रॅनाइट असेल तर चिंता नाही. कडप्पा असेल तर तो चुनखडीचा दगड. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड लागलं की त्यावर पांढुरके डाग पडतात, ते जात नाहीत आणि डिपॉझिटमधून कापले जातात. तिथं साबणाचं पाणीच बरं. ॲसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

पण हे सगळं करायचं कुणी? तीन पोरं एका फ्लॅटमध्ये राहतात, बिर्याणी करायला तिघंही पुढे, खरकटं मात्र सकाळच्या मावशींसाठी रात्रभर पडून. झुरळांची दावत! घरी अम्मी आणि बहिणीनं उचललं, इथं मावशींनी. आणि 'आमच्यात जातपात नाही' म्हणणाऱ्या आपल्याच समाजानं सफाईचं काम हलालखोर, मेहतर म्हणून काही घरांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलं, हेही विसरू नका. घंटागाडी येते तेव्हा तुमची हाडं-काटे हातात घेणारा माणूस असतो. ओला-सुका वेगळा द्या. फुटलेला ग्लास कागदात गुंडाळून वेगळा द्या, त्याचा हात कापतो. बकरी ईदला हाडं दोन दिवस घरात साठवू नका, आणि मांस धुतलेलं पाणी गॅलरीतून तर मुळीच नको.

आता कराराचं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते खोटं आहे. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. 'मांसाहार करणार नाही' अशी अट आहे का, सही करण्याआधी वाचा. असेल तर तिथंच बोला. सही करून खिडक्या बंद करून चोरून खिमा शिजवत जगू नका, वर्षभर जीव टांगणीला राहतो. चावी मिळेल त्या दिवशी ओटा, सिंक, टाइल्स, एक्झॉस्ट फॅन यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. सोडताना पुन्हा काढा.

गॅसचा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुणी काळ्या बाजारातून सिलिंडर आणतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलचा 'छोटू' नावाचा आहे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. आज घरी गेल्यावर ती बघा, आणि झोपताना रेग्युलेटर बंद करा.