नेमबाजीच्या सामन्यासाठी रिव्हॉल्व्हरची निवड

सुशिक्षित मराठी घरात रिव्हॉल्व्हर हा शब्द निघाला म्हणजे बहुधा दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : वृत्तपत्रातील गुन्ह्याची हकीकत आणि पडद्यावरील मारामारी. हे शस्त्र क्रीडेचेही साधन आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले ते गणेश वासुदेव मावळंकर. व्यवसायाने वकील, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले आणि पहिल्या लोकसभेचे सभापती असलेले हे मराठी गृहस्थ नेमबाजीस नागरिकांचा खेळ मानीत. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही राष्ट्रीय सामन्यांकडे नेणारी पायरी आहे.

या खेळाचे वेड आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मध्यमवर्गीय घरांतही शिरले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक जिंकले. अशा वार्ता ऐकून अनेक तरुणांची मने त्या दिशेस वळली. त्यातच अमेरिकेतील वेगवान सामन्यांची चित्रे हातातील दूरध्वनीवर पाहावयास मिळतात. नेमबाज धावतो, थांबतो, सहा गोळ्या सहा लक्ष्यांवर सोडतो, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुन्हा काडतुसे भरतो, आणि पुढे सरकतो. हे पाहून डोंबिवलीतील एखादा तरुण वडिलांना विचारतो, ‘असे रिव्हॉल्व्हर आपल्याला घेता येईल का, आणि घ्यावयाचे तर कोणते?’ वडील सावध असतात, आई घाबरलेली असते, आणि या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस घरात नसतो.

उत्तराचा पहिला भाग असा की, शस्त्राची निवड शस्त्रापासून सुरू करू नये. आधी सामना ठरवावा, सामन्यावरून काडतूस ठरते, आणि काडतुसावरून रिव्हॉल्व्हर. हा क्रम उलटा करणारा मनुष्य लाखभर रुपये खर्च करून अशी वस्तू घरी आणतो की, जिचा सामन्यात उपयोग नाही आणि घरात जिची चिंता मात्र आहे.

ज्या वेगवान सामन्यांचा वर उल्लेख झाला, त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया या गावी स्थापन झाली. अचूकता, शक्ती आणि वेग ही तिची त्रिसूत्री आहे. यातील ‘शक्ती’ मोजण्याची रीत सोपी आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यावे, तिचा वेग दर सेकंदास किती फूट तो पाहावा, दोहोंचा गुणाकार करून एक हजाराने भागावे. अमेरिकेतील प्रमुख संघटनेच्या नियमाप्रमाणे हा आकडा निदान १२५ भरला पाहिजे. त्याहून कमी भरल्यास नेम कितीही अचूक असो, गुण धरले जात नाहीत.

आता भारतातील परिस्थिती पाहावी. १८७८ च्या ब्रिटिश कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. त्याखालील नियमांनुसार ९ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस, तसेच ०.३८० व ०.४५५ ही जुनी सैनिकी काडतुसे ज्यांत बसतात, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे सर्वसाधारण नागरिकास निषिद्ध आहेत. अमेरिकेत आज लोकप्रिय असलेले आठ काडतुसांचे ९ मिलिमीटरचे रिव्हॉल्व्हर येथेच बाद होते. नागरिकाच्या वाट्यास मुख्यत्वे ०.३२ हे काडतूस येते. हे १८९६ सालचे काडतूस मृदू आहे, त्याचा धक्का सौम्य आहे, आणि नेमाच्या दृष्टीने ते उत्तम आहे. परंतु त्याची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, आणि तिचा वेग सुमारे ७०० फूट. गुणाकार करून पाहिल्यास आकडा ६९ च्या आसपास येतो. १२५ च्या उंबरठ्यापाशी तो निम्म्याहून थोडाच पुढे जातो. तात्पर्य, चित्रात पाहिलेल्या सामन्यासाठी म्हणून ०.३२ चे रिव्हॉल्व्हर घेणारा मनुष्य पहिल्याच पायरीवर फसतो. दुकानदार खोटे बोललेला नसतो. सामना कोणता, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

मग या काडतुसाला सामना नाहीच काय? आहे, आणि तो मानाचा आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाचे कोणतेही पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर चालते, आणि ०.३२ हे तर तिचे आवडते काडतूस. एकूण साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच या हिशेबाने. पुढच्या तीस झटपट, म्हणजे लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, आणि प्रत्येक दर्शनास हात खालून वर उचलून एकच गोळी सोडावयाची. याच स्पर्धेत जसपाल राणा यांनी २००६ साली दोहा येथे ६०० पैकी ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. वेगाची हौस असणाऱ्यास हे तीन सेकंद थोडे नाहीत.

सामना ठरला, काडतूस ठरले. आता रिव्हॉल्व्हरकडे वळावे. येथे तीन गोष्टी पाहावयाच्या : वजन, चाप आणि नळीची लांबी.

रिव्हॉल्व्हर दोन रीतींनी झाडता येते. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला तर चापास थोडाच दाब पुरतो. घोडा न ओढता नुसता चाप दाबला तर त्या एकाच दाबाने चक्र फिरते, घोडा उठतो आणि पडतो. त्यास साधारण साडेचार ते साडेपाच किलो दाब लागतो. वेगवान सामन्यात ही दुसरी रीतच चालते. आता ज्या शस्त्राचे स्वतःचे वजन अर्धा किलो, त्याच्या चापावर पाच किलोचा दाब पडला, तर शस्त्र हलणार नाही तर काय होईल? बोटाचा जोर शस्त्राच्या भाराच्या दहापट झाला. तेच शस्त्र सव्वा किलोचे असेल तर जोर चौपटच राहतो. म्हणून अमेरिकन सामन्यांतील रिव्हॉल्व्हरे सव्वा किलोच्या आसपास आढळतात. जेरी मिकुलेक या नेमबाजाने १९९९ साली अशाच वजनदार रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडून, काडतुसे बदलून, पुन्हा सहा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडल्या. त्याची सहाही काडतुसे एका पातळ पोलादी चकतीत अडकविलेली होती, म्हणून ती एकदमच आत गेली. पाहणारा त्याच्या बोटाचा वेग पाहतो; त्या बोटाखालचे वजन व ती चकती त्याच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे दुकानात मांडलेली रिव्हॉल्व्हरे याच्या उलट हेतूने घडविलेली असतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ हे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या आत्मरक्षणासाठी म्हणून पुढे आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम, आणि त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०२३ साली आलेले ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचे असून त्याचे चक्र बाजूस उघडते, नळी मात्र ७६ मिलिमीटरचीच. पर्समध्ये मावणारी वस्तू हलकी व आखूड असावी, हे योग्यच; परंतु तो गुण सामन्याच्या मैदानावर दोष ठरतो.

नळीच्या लांबीचे महत्त्व साध्या भूमितीने कळते. पुढची माशी आणि मागची खाच यांत ११० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. दोन्ही जुळविताना केवळ अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूस जाते. तेच अंतर नियमाने मान्य असलेल्या २२० मिलिमीटरपर्यंत वाढविले, तर चूक ५७ मिलिमीटरवर येते. सावकाश फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढील प्रत्येक वर्तुळ तितक्याच व्यासाने वाढत जाते. म्हणजे हात तोच, चूक तीच, परंतु एका शस्त्राने सहा गुण मिळतात, दुसऱ्याने आठ. साठ गोळ्यांच्या सामन्यात हा फरक केवढा होईल, हे सांगावयास नको. यासाठी लांब नळीचे, मागची खाच सरकविता येणारे, मूठ तळव्यास घट्ट भरणारे शस्त्र पाहावे. मात्र नियमाप्रमाणे नळी १५३ मिलिमीटरहून लांब नसावी, एकूण वजन १,४०० ग्रॅमच्या आत असावे आणि चाप निदान एक किलो दाबाचा असावा. चाप हलका करण्यासाठी घरच्या कानशीने खटपट करणे हा अपघातास दिलेला आमंत्रणाचा विडा होय.

आता राहिला घराचा प्रश्न, आणि खरी परीक्षा येथेच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागांत परवाना देण्याचा अधिकार ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकास दोनहून अधिक शस्त्रे बाळगता येत नाहीत. नेमबाजांस त्यांच्या योग्यतेप्रमाणे अधिक सवलत आहे. परवान्यावर किती काडतुसे घेता येतील हेही लिहिलेले असते. म्हणजे चुकीचे शस्त्र घेतले तर ते कपाटातील न वाचलेल्या पुस्तकासारखे पडून राहत नाही. ते परवान्यातील एक जागा अडविते, आणि विकावयाचे झाले तरी परवानाधारक गिऱ्हाईक शोधावे लागते. वरळीला महाराष्ट्र रायफल संघटनेचे मैदान आहे, पुण्यास बालेवाडीला आहे. डोंबिवलीहून वरळीस जाणाऱ्या तरुणास पहाटेची लोकल गाठावी लागते, दादरला उतरावे लागते, आणि सरावाचा एक तास मिळविण्यासाठी अर्धा दिवस खर्चावा लागतो. महिन्यातून किती वेळा हे जमेल, याचा हिशेब शस्त्राच्या किमतीपूर्वी मांडावा.

दोन खोल्यांच्या घरात कुलपाची पोलादी पेटी कोठे बसणार, काडतुसे वेगळ्या कुलपात राहणार काय, घरात लहान मूल आहे काय, कोणी खिन्न मनःस्थितीत आहे काय, हे प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून सोडविले पाहिजेत. ज्या घरात यांपैकी एकाचे उत्तर अडते, त्या घराने शस्त्र आणू नये. क्लबातील शस्त्रावर सराव करावा. त्याने खेळाडूचे काही उणे होत नाही.

कारण खेळाची सुरुवात रिव्हॉल्व्हरपासून होतच नाही. ०.१७७ व्यासाच्या, २० जूलच्या आतील शक्तीच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाही. दहा मीटरवरील त्या पिस्तुलाने वर्षभर हात, श्वास आणि बोट यांची शिस्त लागते. त्यानंतर ०.२२ चे पिस्तूल. ही दोन वर्षे ज्याने धीराने काढली, त्याला ०.३२ हाती घेताच आपल्याला कोणते वजन पेलते, कोणती मूठ बसते, हे कोणाला विचारावे लागत नाही. आणि ज्याचा उत्साह या दोन वर्षांत विरला, त्याच्या घरचे लाख रुपये वाचले आणि आईची झोपही शाबूत राहिली.

वडिलांनी मुलाला द्यावयाचे उत्तर म्हणून इतकेच आहे : ‘घेता येईल. पण आधी सामना सांग, मग मैदान दाखव, मग दोन वर्षांच्या गुणांची वही आण. कोणते घ्यावयाचे, ते त्या वहीतच लिहिलेले असेल.’