किटोनचे जळण

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील दूधउत्पादकांना ‘किटोसिस’ हा शब्द नवा नाही. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या रक्तातील साखर कासेकडे ओढली जाते, चाऱ्यातून ती भरून निघत नाही, तेव्हा अंगावरची चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून किटोन, म्हणजे साखरेच्या तुटवड्यात चालणारे पर्यायी इंधन, तयार करते. ते प्रमाणाबाहेर गेले की गाय आंबोण सोडते आणि पशुवैद्यक तिला शिरेतून ग्लुकोज देतात. गोठ्यात जे तुटवड्याचे लक्षण ठरते तेच बाटलीत भरून खेळाडूंना ताकद म्हणून विकले जाते, आणि तालमीतील पोरांनी त्यापायी दूध-बदामाचे पैसे घालवावेत हे योग्य नव्हे.

मुद्दा एकच आहे: किटोन प्राणवायूवाचून जळत नाही. प्राणवायू अपुरा पडला तरी स्नायू साखर अर्धवट मोडून काही काळ झटपट शक्ती काढू शकतात. किटोनला ही सोय नाही. साखर उसाच्या वाळल्या पाचटासारखी भडकन पेटते, किटोन हा ओंडका आहे, त्याला फुंकणीचा वारा सतत लागतो, आणि भाकरी तव्यावर पडल्यावर ओंडका पुढे सरकवून जाळ वाढत नाही. गादीवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, कबड्डीतील चढाई 30 सेकंदांची. पट काढताना लागणारा जाळ पाचटाचाच असतो.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये सायकलपटूंना किटोन एस्टर, म्हणजे पोटात गेल्यावर किटोन देणारे द्रव्य, साखरेसोबत पाजले, तेव्हा तासभराच्या श्रमानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी सुमारे 2 टक्के अधिक अंतर कापले; 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात निराळे एस्टर घेतलेले निष्णात सायकलपटू उलट तितकेच मागे पडले आणि त्यांची पोटेही बिघडली. लाभ दिसला तो दमाच्या खेळात, आणि तोही साखर सोबत असताना, हे पुन्हा सांगणे भाग आहे, कारण जाहिरातीत नेमके हेच गाळलेले असते.

यात्रेतील निकाली कुस्ती लांबते, तिचा हिशेब थोडा वेगळा. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या पैलवानाच्या रक्तात तर किटोन आपोआपच वाढलेले असतात. वजन झाल्यावर त्याला पाणी, भात, केळी आणि गूळ हवा असतो, किती आणि किती वेळाने, हे मात्र इथे थोडक्यात सांगून होणारे नाही.