हिरव्या रोपातील अदृश्य रोग
(टेमघर, तालुका भिवंडी येथील भाषणाचा मजकूर)



टेमघर येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. नदीचे पाणी निवळून डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले, एवढ्यावर ते नळाला सोडले जात नाही. निर्जंतुक करून व तपासूनच ते घरोघरी पाठविले जाते. स्वच्छ दिसणे आणि निर्दोष असणे यांतील हा भेद प्रयोगशाळेत वाढविलेल्या रोपांनाही लागू पडतो.

वनस्पतीचा लहानसा भाग निर्जंतुक काचपात्रात पोषकद्रव्यावर वाढवून त्यापासून हजारो रोपे तयार करणे, यास ऊतिसंवर्धन म्हणतात. महाराष्ट्रात केळीच्या लागवडीसाठी अशी रोपे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. काचपात्रात बुरशी शिरली तर ती बहुधा डोळ्यांना दिसते. विषाणूचे तसे नाही. तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो. काचपात्रातील टोमॅटोच्या मुळांत तंबाखूवरील मोझॅइक विषाणू वाढू शकतो, हे फिलिप व्हाइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ मध्येच दाखविले होते.

पेशीच्या आत नेमके काय घडते? केळीलाही होणाऱ्या काकडीवरील मोझॅइक विषाणूचे उदाहरण घेता येईल. त्याचा कण सुमारे २९ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्ष भागांपैकी अवघे २९ भाग. तो पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. पेशीतील रिक्तिकेच्या आवरणावर बारीक पुटिका उठतात व तेथे विषाणूच्या नव्या प्रती तयार होतात. दोन पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग विषाणूची प्रथिने रुंद करतात आणि रोग शेजारच्या पेशीत शिरतो. हरितलवकांतील पडद्यांची सुबक रचना विस्कटते. पुढे पानांवर पिवळे पट्टे उमटतात ते यामुळेच. परंतु काचपात्रातील कोवळ्या रोपांवर ही लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. अशा वेळी एका रोगट मातृवृक्षापासून हजारो रोगट रोपे निपजू शकतात.

२०२० मध्ये जळगाव जिल्ह्यात या रोगामुळे अनेक शेतकऱ्यांना केळीची कोवळी रोपे उपटून टाकावी लागली. हा विषाणू मावा किडीमार्फतही पसरतो; त्यामुळे प्रत्येक वेळी दोष रोपाचाच असतो असे नव्हे. तथापि आरंभ तरी निर्दोष रोपाने व्हावा, हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

त्याचा मार्गही विज्ञानानेच दाखविला आहे. शेंड्याच्या अगदी टोकावरील वाढत्या ऊतीपर्यंत विषाणू सहसा पोहोचत नाही. त्या सूक्ष्म भागापासून फ्रान्समधील मोरेल व मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियाची विषाणुमुक्त रोपे मिळविली. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन पद्धती सुरू केली असून तीत विषाणूंची चाचणी अंतर्भूत आहे.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एवढी गोष्ट गावोगावी सांगावी: रोपाच्या हिरवेपणावर विसंबू नये, प्रमाणपत्र पाहूनच रोपे घ्यावीत, केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नये आणि रोगट झाड दिसताच समूळ उपटून नष्ट करावे. एका झाडाचा मोह धरल्यास सारी बाग गमावण्याची पाळी येते.