पोटखराब माळावरचा खेळ

शेतीच्या उताऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून एक शब्द असतो. जेथें नांगर चालत नाहीं आणि पेरलेलें बीं हातीं लागत नाहीं, अशा तुकड्याची ती नोंद. नंदुरबार जिल्ह्यांतील कोरीट गांवच्या शेतकऱ्यास तो शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. आजचें भाषण अशाच एका पोटखराब मुलखाविषयीं आहे. मात्र तो मुलूख इंग्लंडांत आहे, आणि त्यावर गोल्फ नांवाचा खेळ चालतो.

या खेळाची रीत थोडक्यांत अशी. लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि दूर हिरवळीवर केलेल्या सवाचार इंच रुंदीच्या भोकांत घालावयाचा. अशीं 18 भोकें असतात. सारीं भोकें पुरीं करण्यास ज्याला कमी टोले लागले, तो जिंकला. विटीदांडूंत टोला लांब गेला कीं काम झालें. येथें लांबच्या टोल्याइतकाच जवळचा हलका टोला मोलाचा ठरतो.

हा खेळ हिंदुस्थानास नवा नव्हे. ब्रिटिश बेटांबाहेरील पहिलें गोल्फ मंडळ 1829 सालीं कलकत्त्यास स्थापन झालें, आणि 1842 सालीं मुंबईसही असें मंडळ निघालें. त्याचें मूळ मात्र स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं. तेथील वाळूच्या टेकड्या, त्यांवरील आखूड चिवट गवत आणि मेंढरांनीं वाऱ्यापासून आसरा घेतां घेतां पाडलेले खड्डे, हेंच त्याचें पहिलें मैदान. तो खेळ इंग्लंडच्या आंतल्या भागांत आला, तेव्हां अडचण उभी राहिली. लंडनभोंवतालची जमीन चिकण मातीची. हिवाळ्यांत तिचा चिखल होई, उन्हाळ्यांत गवत माजे, आणि चेंडू जागच्या जागीं रुतून बसे.

तोड निघाली ती लोकांनीं टाकून दिलेल्या जागेंत. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे आणि बर्कशर परगण्यांत वाळूचे विस्तीर्ण माळ आहेत. त्यांपैकीं बॅगशॉटचा माळ डॅनिअल डिफो या ग्रंथकारानें 1724 पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत निव्वळ ओसाड वाळवंट म्हणून वर्णिला आहे. अशा माळावरील पहिलें मैदान लंडनच्या कांहीं बॅरिस्टरांनीं 1893 सालीं वोकिंग येथें सुरू केलें. म्हणजे मुंबईस गोल्फ आल्यावर 51 वर्षांनीं! पुढें 1901 सालीं सनिंगडेल झालें. त्याची आंखणी विली पार्क या स्कॉटिश खेळाडूची. 1904 सालीं हर्बर्ट फाउलर यानें वॉल्टन हीथ उभें केलें. ज्या भूमीला धान्य येत नव्हतें, तिला दहा वर्षांत कीर्ति आली.

समजा, कोरीटचा एखादा तरुण शिक्षणासाठीं लंडनास गेला, आणि मित्रांनीं त्याला ऑगस्टअखेरच्या सुटींत सनिंगडेलला नेलें. वॉटर्लू स्टेशनावर गाडींत बसून तो तासाभराच्या आंत तेथें पोहोंचतो. गालिच्यासारखी हिरवळ पाहावयास मिळेल, ही त्याची अपेक्षा. दिसतो तो जांभळा माळ! गुडघ्याखालीं राहणारें, काटक खोडाचें हेदर नांवाचें झुडूप सर्वत्र फुललेलें असतें, मधून पाइनचे वृक्ष असतात, आणि त्यांतून खेळाच्या हिरव्या पट्ट्या गेलेल्या असतात. कासचें पठार भाद्रपदांत ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें दृश्य अगदीं परकें वाटणार नाहीं. तेथें कातळावरच्या पातळ मातींत मोठें झाड जगत नाहीं, म्हणून रानफुलांस जागा मिळते. येथें वाळूंत कस नाहीं, म्हणून हेदरास जागा मिळते. दोन्हीकडे दारिद्र्य हेंच वैभवाचें कारण.

तरुणाला दुसरें नवल वाटतें तें पायाखालचें. रात्रीं पाऊस होऊन गेला तरी बुटाला चिखल लागत नाहीं. तापीखोऱ्यांतील काळी जमीन त्याच्या ओळखीची. ती पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीची दादर पिकते. पण तीच पावसाळ्यांत पाय सोडीत नाहीं आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पाडते. माळाच्या वाळूंतून पाणी लगोलग उतरून जातें, गवत बारीक व आखूड राहतें, आणि चेंडू पडल्यावर पुढें धांवतो. पिकाला जो दोष, तो खेळाला गुण!

मात्र नेम चुकून चेंडू हेदरांत गेला, तर त्याची चिवट खोडें काठीला विळखा घालतात. शहाणा खेळाडू तेथें बळ दाखवीत नाहीं. एक टोला खर्ची घालून तो मुकाट्यानें पट्टीवर परततो. याच सनिंगडेलला 1926 सालीं अमेरिकेच्या बॉबी जोन्सनें खुल्या स्पर्धेच्या पात्रताफेरींत 66 टोल्यांत खेळ पुरा केला: पूर्वार्धांत 33 आणि उत्तरार्धांत 33. वॉल्टन हीथला जेम्स ब्रेड हा गुरु 1904 पासून 1950 सालीं मृत्यु येईपर्यंत होता. पांच वेळां खुली स्पर्धा जिंकणारा हा पुरुष एका नांगऱ्याचा मुलगा होता.

आतां मुख्य गोष्ट. हा माळ निसर्गानें आपोआप ठेवलेला नाहीं. हजारों वर्षांपूर्वीं माणसानें तेथील झाडी तोडली. पुढें गांवकऱ्यांनीं त्यावर गुरें चारलीं, सरपणासाठीं व गोठ्यांतील अंथरुणासाठीं हेदर कापलें. या नित्याच्या वापरामुळेंच माळ उघडा राहिला. गुरें गेलीं, कोळसा आला, कापणी थांबली. तेव्हां बर्च व पाइन यांच्या रोपांनीं माळ गिळावयास आरंभ केला. कांहीं भाग शेतीखालीं गेला, कांहींवर झाडें लावलीं गेलीं, कांहींवर घरें उठलीं. 1800 सालानंतर इंग्लंडमधील सखल भागांतील असे माळ सुमारें 80 टक्के नाहींसे झाले. त्यांबरोबर जमिनीवर अंडीं घालणाऱ्या रातव्यासारख्या पक्ष्यांची वस्तीही आटली. आज कित्येक गोल्फ मंडळें मुद्दाम झाडें तोडतात आणि वरची कसदार माती खरवडून काढतात, कारण खालीं वर्षानुवर्षें निजलेलें हेदराचें बीं त्यामुळें जागें होतें. झाड तोडून निसर्ग राखणें हें ऐकावयास विपरीत वाटतें, पण माळाचा धर्म तोच आहे.

यावरून कोरीटला गोल्फचें मैदान करावें, असा अर्थ कोणीं काढूं नये. कोरड्या मुलखांत परक्या हिरवळीसाठीं पाणी ओतणें हा माळाचा सन्मान नव्हे. हिंदुस्थानांतील जुन्या खेळाडूंनींच त्यावर साधा उपाय काढला होता: पाणी नसेल तेथें हिरवळीऐवजीं तेल मिसळलेल्या वाळूची सपाट जागा करीत, आणि तिला ‘ब्राउन’ म्हणत.

घ्यावयाचा धडा निराळाच आहे. खानदेशांतील माळांवर ठेलारी धनगरांचीं मेंढरें चरतात आणि त्यांची लेंडी शेतकऱ्याच्या रानांत खत होऊन पडते. महाराष्ट्राच्या माळांवर लांडगा फिरतो, चंडोल गातो. सोलापूरकडे नान्नज येथें माळढोकासाठीं 1979 सालीं अभयारण्य करावें लागलें, कारण त्या पक्ष्याला दाट जंगल नको, उघडा माळच हवा. तरी सरकारी कागदांत अशा पुष्कळ भूमीला ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलें कीं तिच्यावर बांधकाम करावें किंवा सरसकट झाडें लावावींत, एवढेच दोन विचार सुचतात.

इंग्लंडच्या लोकांनीं आपले बहुतेक माळ गमावल्यावर उरलेल्यांची किंमत ओळखली, आणि तीही प्रथम खेळाच्या निमित्तानें. येथें मेंढपाळ अद्याप आहे, माळही अद्याप आहे. उताऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिणाऱ्यानें आणि तें वाचणाऱ्यानें एवढेंच विचारावें: नांगराला निरुपयोगी असलेली ही जागा आणखी कोणाच्या उपयोगीं पडत आहे? उत्तर मिळेपर्यंत कुदळ खालीं ठेवावी.