बालकांचा छळ आणि ज्ञातीचे कर्तव्य

(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत मुलांच्या गौरवाचा सोहळा आताच पार पडला. ज्या मुलांचे आपण कौतुक करतो, त्यांच्या दुःखाचा विचारही याच व्यासपीठावरून व्हावा, असे आम्हांस वाटते.

मुलांचा छळ अडाणी वा दरिद्री घरांतच होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र व गोवा धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांचे कथन तीत आहे. घरांतील, शाळांतील, संस्थांतील, कामावरील व रस्त्यावरील अशी ती मुले होती. दर तिघांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती; शेकडा ५३ मुलांच्या वाट्यास कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार आला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी शेकडा ८८ मुलांना मारणारे प्रत्यक्ष आईबापच होते. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांतही निम्मे लोक मुलांच्या परिचयाचे वा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी त्याची वाच्यता कोणापाशीही केली नव्हती.

माराचे वळ तरी दिसतात. उपेक्षेचे दिसत नाहीत. आजारी मुलीला औषध न मिळणे, शिक्षणासाठी नातेवाइकांकडे ठेवलेल्या पोराने घरगड्याप्रमाणे राबणे, सुखवस्तू घरातील मुलाशी दिवसभर कोणी चार शब्दही न बोलणे, हे सारे आम्ही शिक्षकी पेशात पाहिले आहे. असे मूल वर्गात खाली मान घालून बसते, आणि आपण त्याला शहाणे म्हणतो!

लोकांना याची चाड नाही, असे नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर येथे शाळेतील दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराची वार्ता पसरताच शेकडो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. परंतु गुन्हेगार परका असता खवळणारा समाज, तो काका वा मामा निघाल्यास ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून गप्प बसतो. मुलीचे लग्न व्हायचे आहे, घराण्याची अब्रू जाईल, असे सांगून वडीलधारी मंडळी प्रकरण मिटवितात. अब्रू राखली जाते ती अपराध्याची. किंमत मात्र लेकराने मोजावयाची!

कायद्यास हे मान्य नाही. २०१२ च्या पोक्सो अधिनियमानुसार असा अपराध ठाऊक असूनही पोलिसांस न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाचे नाव उघड करण्यासही त्यात बंदी आहे. तेव्हा बदनामीची सबब उरत नाही. मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर चालते.

ज्ञातीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. मूल काही सांगू लागले, तर त्याला प्रथम खोटे ठरवू नये. अशा प्रकरणात ज्ञातीच्या कोणाही पुढाऱ्याने तडजोडीस बसू नये. आणि वसतिगृहांत वा नातेवाइकांकडे राहणाऱ्या आपल्या मुलांची दोन जाणत्या भगिनींनी दरमहा भेट घेऊन विचारपूस करावी. आपण वधूवरांच्या याद्या काळजीने ठेवतो. या मुलांचीही एक यादी ठेवणे आपणांस जड जाऊ नये.